पाण्याकडे तोंड केलेला सिंह

थोरलीने चष्म्याची काच घासायला घेतली की बाहेर धाकटी बोलायला लागायची. म्हणजे धाकटी काही तिथे उभी नसायची. ती दूरच्या मोठ्या शहरात राहायची. इथे यायचा तो नुसता तिचा आवाज. दुकानासमोर जुन्या टपाल कचेरीची इमारत होती आणि 'गल्लीबोळ' नावाच्या ॲपात तो सातवा थांबा होता. लोक हातात फोन धरून यायचे, आणि फोनमधून धाकटी सांगायची, "आता जरा वर बघा. ती गोल खिडकी दिसली का?" की सगळ्यांच्या माना वर. धाकटी हळूच हसायची, की सगळे हसायचे. पाचजण पाच फोन घेऊन आले, तर धाकटी पाच वेळा मागेपुढे हसायची आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दुकानाचे मालक डोळे तपासायचे, म्हणून त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते. दुकानाच्या मागच्या खोलीत थोरली काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, काड्या गरम करून कानामागे नीट बसतील अशा वाकवायची, नाकावरची पॅडं बदलायची. हात इतका सफाईचा, की एकदा बसवलेली काच परत आली असं कधी झालं नाही. पण नीट बसलेल्या चष्म्याचं कौतुक कोण करतो? गिऱ्हाईक चष्मा घालतं, रस्त्याकडे बघतं आणि म्हणतं, वा, काय छान दिसतंय. कौतुक रस्त्याचं.

डॉक्टर मात्र दर दोन दिवसांनी न चुकता म्हणायचे, "तुमच्या बहिणीच्या आवाजात जादू आहे हो."

"हो ना," थोरली म्हणायची आणि स्क्रू जरा जास्तच पिळायची.

खरी गंमत अशी, की आवाज दोघींचा सारखाच होता. लहानपणापासून फोन कुणीही उचलला तरी पलीकडचा विचारायचा, "मोठी का छोटी?" बाप होता तोवर तोसुद्धा फसायचा. ॲपवाल्या कंपनीला गावातलाच आवाज हवाय, ही जाहिरात पहिल्यांदा वाचली होती थोरलीने. नावं दोघींची तिनेच दिली. आणि ज्या दिवशी चाचणी, त्याच दिवशी सकाळी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. दोघींपैकी एकीला इस्पितळात थांबणं भाग होतं. "तू जा, तुझा नंबर आधी आहे," हे थोरली स्वतःच्याच तोंडाने म्हणाली. म्हणजे दोष द्यायलाही तिने कुणाला जागा ठेवली नव्हती, आणि दोष द्यायला कुणी नसलं की माणसाची जळजळ जास्त होते.

आता आई दुकानाच्या वरच्या खोलीत पलंगावर. हाड जुळलं, पण चालणं गेलं ते गेलंच. त्यात काचबिंदूने दृष्टी नेलेली. समोर माणूस आहे एवढं कळायचं, कोण आहे ते आवाजावरून ओळखायची. अख्ख्या गावाला चष्मे बसवून देणाऱ्या थोरलीला आईसाठी एक काच घासता येत नव्हती. बाकी सगळं तीच करायची. अंग पुसणं, जेवण भरवणं, कूस बदलणं, केस विंचरणं. आणि हे सगळं चालू असताना आईच्या उशाशी फोन, आणि फोनमध्ये धाकटी.

त्या ॲपची एक खोड होती. त्या त्या जागेपाशी जाऊन उभं राहिल्याशिवाय ते तोंड उघडत नसे. लोकांनी घरात लोळून इतिहास ऐकू नये, पायपीट करत गाव बघावं, असा कंपनीचा बाणा. आईचा पलंग नेमका टपाल कचेरीसमोरच्या खिडकीला लागून होता, म्हणून सातवा थांबा तेवढा तिला अंथरुणातून ऐकू यायचा. तोच ती दिवसभर ऐकायची. गोल खिडकी, तिच्यामागे बसून पत्रांवर शिक्के मारणारे कारकून, एकदा लागलेली आग. सगळं पाठ झालं होतं, तरी आग लागायच्या जागी आई दर वेळी "अगं बाई" म्हणायची.

"बाकीचे थांबे कधी ऐकणार मी?" आईने एक दिवस विचारलं.

धाकटी दर रविवारी फोन करायची. "पाठवते हं आई, सगळे पाठवते," म्हणायची आणि विसरायची. तिला आता दुसऱ्या गावांची कामं मिळत होती. शेवटी एका रविवारी म्हणाली, "ताई, तू जाऊन दुसऱ्या फोनवर रेकॉर्डच करून आण ना. तुझे पाय तर धड आहेत."

धड पायांची ताई दुसऱ्या दिवसापासून निघाली. दुकान बंद झालं की दोन फोन घेऊन एकेका थांब्यावर जायचं, एका फोनवर धाकटीला बोलतं करायचं आणि दुसरा फोन त्याच्या तोंडाशी धरायचा. मधे खोकायचं नाही, कुणी ओळखीचं भेटलं तर नुसती मान हलवायची. मग घरी येऊन ते आईला ऐकवायचं. पाणवठ्याचा चौक झाला, तुरुंगाची भिंत झाली, घड्याळाचा मनोरा झाला. ज्या गावात ती जन्मापासून राहत होती ते गाव तिला धाकटी दाखवत होती, आणि ती चोरासारखी उभी राहून ते गोळा करत होती. गोळा करायचं कशासाठी, तर आईने धाकटीचं कौतुक करावं म्हणून. असा उफराटा धंदा दुसऱ्या कुणी सांगितला असता तर थोरली पोट धरून हसली असती.

"किती गोड बोलते," आई म्हणायची. "शब्द कसा तोलून टाकते. पण मधेमधे कुणीतरी धापा टाकतंय गं."

"चढ आहे तिथे," थोरली म्हणाली. "मीच होते ती."

"तू जरा लांब उभी राहत जा."

थोरलीने आईच्या ओठांवरची भाताची शितं पुसली. तिला काय हवं होतं, तर फार नाही. आईने एकदा, फक्त एकदाच, ज्या आवाजात "छोटी" म्हणायची त्या आवाजात तिच्याबद्दल काहीतरी म्हणावं. केस छान विंचरतेस, एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं.

मग आला पूल.

नदीवर जुना दगडी पूल होता आणि त्याच्या चार टोकांना चार दगडी सिंह. तिघांची तोंडं रस्त्याकडे, चौथ्याचं पाण्याकडे. थोरलीने फोन सुरू केला, दुसरा फोन पुढे धरला, आणि धाकटी बोलू लागली, "हा चौथा सिंह पाण्याकडे का बघतो, माहीत आहे? इथली एक आख्यायिका आहे. हा सिंह होता रडका. आपल्याला रडताना कुणी बघू नये म्हणून त्याने तोंड फिरवलं. त्याचे अश्रू नदीत पडतात. म्हणून या पुलावर कुणी रडायचं नसतं. एक रडलं की त्यालाही रडू फुटतं, आणि मग नदीला पूर येतो..."

थोरलीचा हात खाली आला. आख्यायिका कसली डोंबलाची! ही तिची गोष्ट होती. धाकटी पहिलीत असताना शाळेतून घरी येईपर्यंत भोकाड पसरायची, आणि दप्तरं दोघींचीही थोरलीच्याच पाठीवर. तेव्हा एक दिवस पुलावर तिने ही गोष्ट रचली होती, उभ्या उभ्या, या रडूबाईला गप्प करायला. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धाकटी गाल फुगवून रडू आत धरून ठेवायची आणि पूल संपला की पुन्हा सूर लावायची. तीच गोष्ट आता गावाची झाली होती, आणि सांगणारी धाकटी. शेजारी उभं असलेलं एक जोडपं फोन कानाला लावून सिंहाकडे असं बघत होतं, की बाईच्या डोळ्यांत पाणी.

तिने तिथूनच धाकटीला फोन लावला. "ही सिंहाची गोष्ट कुठून आणलीस गं?"

"अय्या, ऐकलीस? मस्त झालीये ना? तो ॲपचा मजकूर लिहिणारा म्हणाला गावातली एखादी जुनी आख्यायिका हवी, तर मी सांगितली. आईच नव्हती का सांगायची लहानपणी?"

"आई?"

"हो ना, शाळेतून येताना. ताई, सगळ्यांना हाच थांबा सगळ्यात आवडतो. लोक लिहितात मला."

आई शाळेत आणायला कधीच येत नसे. आई तेव्हा कामावर असायची. हे सांगायला थोरलीने तोंड उघडलं आणि मिटलं. फोन ठेवला. ॲपात खाली, अगदी कोपऱ्यात, 'चूक कळवा' असं लिहिलेलं होतं. तिने ते दाबलं. 'पुलावरच्या सिंहाची आख्यायिका खोटी आहे. कुणीतरी घरी रचलेली आहे,' असं लिहिलं आणि पाठवून दिलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तरी घरी येताना तिला कुणाच्या तरी खिशात हात घातल्यासारखं वाटत होतं, आणि बरंही वाटत होतं. बरं जास्त.

"आज काय आणलंस?" आईने विचारलं.

"पुलावर फार गर्दी होती. काही ऐकू येईना."

रविवारी ते उघडं पडलं. धाकटीने फोनवर पहिलंच विचारलं, "आई, पूल ऐकलास का? त्यात मी सगळ्यात छान बोललेय." आईने नाही म्हटलं. फोन झाल्यावर तिने जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"छोटीने काही चांगलं केलं, की तुला बरी गर्दी दिसते," ती म्हणाली. "मला डोळ्यांनी दिसत नाही. एवढं दिसतं."

आईला कळत होतं तर. इतकी वर्षं तिला वाटत होतं, की आपला जळफळाट आपल्यापुरता आहे. मागच्या खोलीत, घासायच्या यंत्राच्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी दुकानात धाकटीचा फोन आला, रडत. पूल बंद केला होता. कुणीतरी तक्रार केली. कंपनीने विचारलं पुरावा काय, आणि हिच्याकडे पुरावा कुठला? पुढच्या गावाचं काम द्यायचं की नाही याचा विचार करू म्हणाले. "कोण असेल गं ताई इतकं दुष्ट? माझं काय वाईट केलं मी कुणाचं?" धाकटी हुंदके देत होती. "आईला सांगू नकोस. तिला सांगितलं तर तिचा जीव टांगणीला लागेल."

"नाही सांगत," थोरली म्हणाली. तिच्या हातात गरम केलेली काडी होती. ती नको तिथे वाकली आणि तशीच थंड झाली.

आता आईला पूल हवा होता आणि पूल मुका झाला होता. संध्याकाळी थोरली तिथे गेली तरी. फोन म्हणाला, 'हा थांबा सध्या उपलब्ध नाही.' ती चौथ्या सिंहापाशी उभी राहिली. रिकाम्या हाताने घरी गेलं तर पुन्हा ते ताट आणि ती भिंत. खरं सांगायचं तर मी कळवलं आणि बंद पाडलं हे सांगायचं. ते शक्य नव्हतं. मग तिने दुसरा फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि स्वतःच बोलायला लागली.

तिने धाकटीची नक्कल केली नाही. तशी गरजच नव्हती. आणि मनातल्या मनात एक पैज लावली होती: आईने ओळखलं तर सगळं सांगून टाकायचं, तक्रारीसकट.

"हा सिंह पाण्याकडे का बघतो, माहीत आहे?" तिने सुरुवात केली. रडका सिंह, अश्रू, पूर, सगळं सांगून झालं. धाकटीची गोष्ट इथे संपत होती, कारण इथे पूल संपत असे. पण थोरली थांबली नाही. तो रडत का होता, हे तिला आत्ता, या वयात, तिथे उभं राहून कळलं होतं. "चारांत पहिला हा घडवला," ती म्हणाली. "पाथरवटाने सगळा जीव ओतला तो याच्यात. याला समोर ठेवून, याच्याकडे बघून बाकीचे तीन घडवले. मग पूल सुरू झाला, लोक आले, आणि म्हणाले, वा, ते तीन किती छान आहेत! पोरं त्या तिघांच्या पाठीवर बसायची. याच्याजवळ कुणी आलं नाही. त्याला राग आला नाही असं नाही. आला. इतका आला, की त्या तिघांचं तोंडसुद्धा बघायचं नाही असं त्याने ठरवलं." तिचा आवाज जरा कापला. तो तसाच राहू दिला.

घरी येऊन तिने फोन आईच्या हातात दिला आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली. आईने ऐकलं. मान किंचित वाकडी, डोळे मिटलेले.

"पुन्हा लाव," आई म्हणाली.

पुन्हा लावलं. पुन्हा संपलं. मग आईने चाचपडत थोरलीचा हात धरला, घट्ट, आणि म्हणाली, "काय पोर आहे गं माझी! आजवर इतकं बोलली, पण हे असं नाही कधी बोलली. छोटीच्या आवाजात हे इतकं दुःख कुठून आलं गं? एकटी असते बिचारी तिकडे."

एवढी वर्षं थोरलीने धाकटीचा हेवा केला होता. आज पहिल्यांदा तिला स्वतःचाच हेवा वाटला. जिचं कौतुक चाललं होतं ती तीच होती, आणि ते तिच्या पदरात पडत नव्हतं. आईने हात धरला होता तोही धाकटीबद्दल वाटलेल्या मायेने. आता सांगावं, तर पैज ती हरली होती.

पुढचा आठवडा सातवा थांबा मागे पडला. आई पूलच ऐकत राहिली. भाजी द्यायला आलेल्या बाईलाही ऐकवला. "माझी धाकटी," म्हणाली.

आणि रविवार आला. सकाळी थोरली आईचे केस विंचरत होती. फोन वाजला. आईनेच स्पीकर लावला.

"छोटे, अगं तो पूल! ऐकून ऐकून माझं मन भरत नाही."

"पूल?" धाकटी म्हणाली. "तो कुठून ऐकलास, आई?"

"अगं असं काय करतेस? थांब, ऐकवतेच तुला." आईने दुसऱ्या फोनवर बोटाने अंदाज घेत रेकॉर्डिंग लावलं. थोरलीचा कंगवा केसांतच थांबला. खोलीत तिचा आवाज भरला: चारांत पहिला हा घडवला. पलीकडून धाकटीचा श्वास ऐकू येत होता. तिला कळत होतं. बंद पडलेला पूल बोलत होता, आपल्या आवाजात आणि आपला नसताना. ही गोष्ट कुणाची, शाळेच्या वाटेवर कोण होतं, आणि ही घरी रचलेली आहे हे कंपनीला कोण सांगू शकतं, हे सगळं तिला एकदमच कळलं असणार. ती काही खुळी नव्हती.

रेकॉर्डिंग संपलं.

"काय गं, आपलाच आवाज ऐकून लाजलीस?" आई हसली.

थोरली वाट बघत होती. आपल्याने सांगवत नव्हतं. पण धाकटीने सांगितलं तर? आई, हा ताईचा आवाज आहे. एवढं एक वाक्य. मग पुढे काय व्हायचं ते होवो, तक्रारीचंही निघो.

"हो आई," धाकटी म्हणाली. आवाज बारीक होता. "माझाच आहे. तुला आवडला ना?"

त्यात लबाडी होती का? थोडी असेल. पण काम हातचं चाललेलं, लांबच्या शहरात एकटी, आणि आईच्या तोंडून कौतुक ओसंडतंय. तिलाही तेवढंच उरलं होतं. थोरलीला हे स्पष्ट कळलं. ते तिथेच सोडून द्यावं, इतकंही कळलं. तिने कंगवा उशीवर ठेवला.

"चारांत पहिला हा घडवला," ती म्हणाली.

आईची मान हलली.

"पाथरवटाने सगळा जीव ओतला तो याच्यात," थोरली म्हणाली. दुसरा फोन बंद होता, रेकॉर्डिंग संपलं होतं. आवाज पलंगामागून येत होता, जिथून इतकी वर्षं फक्त कंगवा, वाटी, ओला टॉवेल येत आला होता. आई हळूहळू वळली. कमरेतून वळता येत नव्हतं तिला, तरी खांदा उचलून, उशीला रेटा देऊन वळली. तिचा चेहरा फोनपासून सुटला आणि थोरलीच्या बाजूला आला. तिने हात पुढे केला आणि बोटं थोरलीच्या ओठांवर ठेवली, बोलताना हलतायत का ते बघायला.

"ताई, नको ना," फोनमधून धाकटी म्हणाली. ती रडत होती. "ताई, प्लीज. पुरे."

आईच्या बोटांखाली थोरलीचे ओठ हलत होते. तिने धाकटीचं ऐकलं. सगळं ऐकलं. आणि मग आवाज थोडा चढवला, फोनपर्यंत नीट पोचेल इतका.